हेलन ॲलिंगहॅम यांची ग्रामीण जलरंगचित्रे

हेलन ॲलिंगहॅम (पूर्वाश्रमीच्या हेलन मेरी एलिझाबेथ पॅटरसन, २६ सप्टेंबर १८४८ – २८ सप्टेंबर १९२६) या इंग्लंडमधील जलरंगचित्रकार होत्या. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी दक्षिण इंग्लंडमधील, विशेषतः सरे काउंटीमधील, जुन्या ग्रामीण घरांची व त्यांच्या परिसराची चित्रे रंगवली. शाकारलेले किंवा कौलारू छप्पर, दारापुढे फुलझाडे, फाटकाशी मूल कडेवर घेऊन उभी असलेली स्त्री, मागे गर्द झाडी आणि वर निवळ आकाश, असे त्यांच्या चित्रांचे सर्वपरिचित रूप आहे. ही चित्रे पाहणाऱ्याला इंग्लंडचे खेडे त्या काळी सुखासमाधानात नांदत होते असे वाटते. प्रत्यक्षात ती रंगवली जात असताना इंग्लंडची शेती मोठ्या मंदीत सापडली होती आणि चित्रांतील घरे एकामागून एक पाडली किंवा बदलली जात होती. त्यामुळे या चित्रांतील शांतता कितपत खरी आणि कितपत निवडलेली, हा त्यांच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न ठरतो.

पूर्वायुष्य

हेलन यांचा जन्म डर्बीशायरमधील स्वॉडलिनकोट येथे झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. १८६२ साली घटसर्पाच्या साथीत रुग्णांवर उपचार करीत असताना वडिलांचा आणि त्याच साथीत धाकट्या बहिणीचा मृत्यू झाला. पुढे कुटुंब बर्मिंगहॅमला गेले. तेथील कलाशाळेत शिक्षण घेतल्यावर १८६७ साली हेलन यांनी लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या शाळेत प्रवेश मिळवला. या शाळेचे दार स्त्रियांसाठी उघडले ते हेलन यांच्याच मावशी लॉरा हर्फर्ड यांच्यामुळे. १८६० साली त्यांनी प्रवेशासाठी पाठवलेल्या चित्रांवर पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षर व आडनाव लिहिले होते. चित्रे निवडली गेल्यावर उमेदवार स्त्री असल्याचे उघड झाले, आणि प्रवेश नाकारण्यास नियमांचा आधार सापडेना.

शिक्षण चालू असतानाच हेलन उपजीविकेसाठी नियतकालिकांकरिता चित्रे काढू लागल्या. १८६९ साली निघालेल्या ‘द ग्राफिक’ या सचित्र साप्ताहिकाच्या चित्रकारवर्गात त्या होत्या. या साप्ताहिकाने बेघर, बेकार आणि भुकेल्या लोकांची चित्रे ठळकपणे छापली. ल्यूक फिल्ड्स यांचे रात्रीच्या निवाऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या निराधारांचे गाजलेले चित्र त्याच्या पहिल्याच अंकात होते. तरुणपणीचा व्हॅन गॉग याच साप्ताहिकातील चित्रे जपून ठेवीत असे. हा तपशील येथे नोंदवण्याचे कारण असे की, हेलन यांना दारिद्र्याचे चित्रण अपरिचित होते असे म्हणता येत नाही. त्यांची उमेदवारीच त्या चित्रणाच्या शेजारी झाली. १८७४ साली टॉमस हार्डी यांची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ ही कादंबरी ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची चित्रेही त्यांनीच काढली.

त्याच वर्षी त्यांचा विवाह आयरिश कवी विल्यम ॲलिंगहॅम यांच्याशी झाला. विल्यम त्यांच्याहून २४ वर्षांनी मोठे होते. विवाहानंतर हेलन यांनी नियतकालिकांचे काम सोडले व त्या जलरंगांकडे वळल्या. १८७५ साली जलरंगचित्रकारांच्या जुन्या संस्थेने त्यांना सहयोगी सभासद करून घेतले. १८०४ साली स्थापन झालेल्या आणि १८८१ साली ‘रॉयल’ हे बिरुद मिळालेल्या या संस्थेचे पूर्ण सभासदत्व मात्र त्यांना १८९० साली मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

विटली आणि सरेची घरे

लंडनमध्ये ॲलिंगहॅम कुटुंब चेल्सी भागात राहत असे व विचारवंत टॉमस कार्लाइल यांच्याशी त्यांचा घरोबा होता. १८८१ साली कार्लाइल यांचे निधन झाल्यावर हे कुटुंब सरेमधील विटली या गावाजवळ सँडहिल्स येथे राहावयास गेले. त्यांच्या ग्रामचित्रांचा मुख्य कालखंड येथून सुरू होतो.

विटली हे कोणत्याही अर्थाने आडगाव नव्हते. १८५९ साली लंडनहून पोर्ट्समथकडे जाणारा लोहमार्ग या भागातून सुरू झाला आणि लंडनमधील सुखवस्तू माणसाला खेड्यात राहूनही शहराशी संबंध ठेवणे शक्य झाले. चित्रकार बर्केट फॉस्टर यांनी १८६०च्या दशकात येथे ऐसपैस घर बांधले. कादंबरीकार जॉर्ज एलियट यांनी उन्हाळ्यासाठी येथे घर घेतले. राजकवी टेनिसन यांचे ‘ऑल्डवर्थ’ हे घरही हेझलमिअरजवळ, म्हणजे फार दूर नव्हते. चित्रांमध्ये जे खेडे बाहेरच्या जगापासून तुटलेले दिसते, ते वास्तवात आगगाडीच्या टप्प्यात होते. किंबहुना म्हणूनच ते चित्रकारांच्या नजरेस पडले.

या भागातील जुन्या घरांची बांधणी वैशिष्ट्यपूर्ण होती. ओक लाकडाचा सांगाडा, मधल्या जागेत विटा किंवा गिलावा, आणि वरच्या मजल्याच्या भिंतीला बाहेरून ओळीने टांगलेली भाजक्या मातीची कौले. छपरावर कौले असणे आपल्याला परिचित आहे. सरेमध्ये ती पावसापासून संरक्षणासाठी भिंतीवरही लावली जात. हाताने केलेल्या कौलांचा रंग एकसारखा नसे. कुठे तांबूस, कुठे जांभळट, कुठे शेवाळ्याने हिरवट, अशी ती भिंत दिसे. खिडक्यांना शिशाच्या पट्ट्यांमध्ये बसवलेली, शंकरपाळ्याच्या आकाराची लहान तावदाने असत. धुराडी रुंद व विटांची असत. ॲलिंगहॅम यांची चित्रे जवळून पाहिल्यास घर हाच त्यांचा खरा नायक असल्याचे जाणवते. माणसे लहान आहेत, आकाश थोडे आहे, पण प्रत्येक कौल निरखून रंगवलेले आहे.

हे निरखणे हौसेपोटी नव्हते. जमीनदार आणि शहरातून आलेले नवे घरमालक जुनी घरे ‘दुरुस्त’ करीत होते. शिशाच्या जाळीची तावदाने काढून मोठ्या सलग काचा बसवल्या जात, हातकौले जाऊन रेल्वेने आलेली स्लेटची पातळ पाटी छपरावर येई, आणि जी घरे फारच मोडकळीस आली होती ती पाडली जात. १८८६ साली लंडनच्या ‘फाइन आर्ट सोसायटी’ या चित्रदालनात ‘सरे कॉटेजेस’ या नावाने ॲलिंगहॅम यांचे प्रदर्शन भरले. त्याच्या सूचिपत्रात विल्यम ॲलिंगहॅम यांनी नमूद केले होते की, चित्रे काढून झाल्यावर काही महिन्यांतच त्यांतील बऱ्याच घरांचे रूप पालटले आणि काही तर नाहीशीच झाली. प्रेक्षकांनी चित्रे पाहिली तेव्हाच ती अंशतः भूतकाळाची चित्रे झालेली होती. पुढच्या वर्षी ‘इन द कंट्री’ हे दुसरे प्रदर्शन भरले.

जुन्या वास्तूंविषयीची ही कळकळ त्या एकट्यांची नव्हती. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली होती, आणि अतिउत्साही जीर्णोद्धाराने इमारतीचे मूळ रूप नष्ट होते, हेच तिचे मुख्य म्हणणे होते. सरेमध्येच राहणाऱ्या उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांनी तेथील घरे, भांडीकुंडी व अवजारे यांची छायाचित्रे काढून १९०४ साली ‘ओल्ड वेस्ट सरे’ हे पुस्तक सिद्ध केले. जेकिल यांच्या मन्स्टेड वुड येथील बागेची चित्रेही ॲलिंगहॅम यांनी रंगवली आहेत.

रंगवण्याची पद्धत

जलरंगात दोन मार्ग आहेत. पहिला पारदर्शक रंगाचा. यात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो. रंगाचा पातळ थर, म्हणजे वॉश, त्यावरून फिरतो आणि उजळ जागा कोऱ्या ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात शालेय रेखाकलेच्या परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांना वॉश सुकण्याआधी दुसरा हात फिरवल्यावर काय होते हे सांगावयास नको. दुसरा मार्ग अपारदर्शक रंगाचा. यात रंगात पांढरा मिसळून तो दाट केला जातो व गडद जागेवरही उजेड रंगवता येतो. १८३४ साली विन्सर अँड न्यूटन या कंपनीने जस्तापासून केलेला ‘चायनीज व्हाइट’ बाजारात आणल्यावर हा मार्ग फार सोपा झाला.

बर्केट फॉस्टर यांनी दुसरा मार्ग धरला. ते मुळात लाकडी ठशांचे कोरीवकाम शिकलेले. त्यामुळे बारीक टोकाच्या कुंचल्याने ठिपका ठिपका ठेवीत संपूर्ण पृष्ठभाग भरून काढण्याची त्यांची पद्धत होती. त्यांच्या चित्रातील गवताचे पाते, मेंढीची लोकर आणि मुलीच्या टोपीची फीत सारख्याच काटेकोरपणे येतात. ॲलिंगहॅम यांच्यावर प्रारंभी त्यांचा प्रभाव होता, परंतु त्यांनी दाट पांढऱ्या रंगाचा आश्रय घेण्याचे टाळले. रंग दिल्यावर ओल्या कुंचल्याने किंवा स्पंजाने तो पुसून काढणे, कोरड्या कागदावर चाकूच्या टोकाने खरवडून आतला पांढरा भाग उघडा करणे, अशा युक्त्यांनी त्यांनी उजेड साधला. फुलांचे ताटवे, कोंबड्यांची पिसे, वाळत घातलेले कपडे यांवरचा प्रकाश बहुधा असा खरवडून आणलेला आहे. जवळून पाहिल्यास कागदाचा तंतू उठलेला दिसतो. छापील प्रतीत ही गोष्ट अजिबात कळत नाही, आणि त्यामुळेच ॲलिंगहॅम यांच्याविषयी केवळ छापील चित्रांवरून मत बनवणे अन्यायाचे ठरते.

त्यांच्या रंगपेटीत नऊच रंग असत: कोबाल्ट निळा, पर्मनंट पिवळा, ऑरिओलिन, रॉ सिएना, पिवळी गेरू, कॅडमियम, रोझ मॅडर, लाइट रेड आणि सेपिया. या यादीत तयार हिरवा एकही नाही. इंग्लंडच्या खेड्याचे चित्र म्हणजे बहुतांशी हिरवाई, आणि ती सगळी निळ्या व पिवळ्याच्या मिश्रणातून आलेली आहे. म्हणून त्यांच्या झाडांचा हिरवा घराच्या तांबूस कौलांशी भांडत नाही.

रंगांची ही निवड टिकाऊपणाच्या दृष्टीनेही विचारपूर्वक केलेली होती. सरेच्या घरांचे प्रदर्शन झाले त्याच १८८६ साली, संग्रहालयांच्या भिंतींवर टांगलेली जुनी जलरंगचित्रे उजेडाने उडून जात आहेत, असा वाद लंडनच्या वृत्तपत्रांतून पेटला. शासनाने रसेल व ॲबनी या दोन वैज्ञानिकांकडे चौकशी सोपवली. त्यांचा अहवाल १८८८ साली प्रसिद्ध झाला. नीळ, कार्माइन, क्रिमझन लेक यांसारखे सेंद्रिय रंग प्रकाशात फिके पडतात आणि हवेतील ओलावा या क्रियेला साहाय्य करतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. याचा परिणाम निसर्गचित्रांवर विशेष होतो. निळीने रंगवलेले आकाश उडाले की उरतो तो खालचा तांबूस थर, आणि दुपारचे चित्र संध्याकाळचे वाटू लागते. जुन्या जलरंगचित्रांतील सोनेरी शांतता काही वेळा अशी अपघाताने आलेली असते. ॲलिंगहॅम यांच्या पेटीत नीळही नव्हती आणि कार्माइनही नव्हता. त्यामुळे त्यांची आकाशे बऱ्याच अंशी शाबूत आहेत. तरीही आज संग्रहालये अशी चित्रे मंद प्रकाशात व मर्यादित काळासाठीच मांडतात.

चित्राचा मुख्य भाग त्या प्रत्यक्ष घरासमोर बसून रंगवीत. माणसे, मुले, मांजरे, कोंबड्या यांची भर बहुधा नंतर घातली जाई.

शांततेमागचे खेडे

१८५१ सालच्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये नागरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा अधिक भरली. १८७०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील स्वस्त धान्य रेल्वे व आगबोटींतून येऊ लागले आणि इंग्लंडमधील गव्हाचे भाव कोसळले. त्यातच १८७९ साली अतिवृष्टीने पीक बुडाले. शेतमजुरांनी जोसेफ आर्च यांच्या नेतृत्वाखाली १८७२ साली राष्ट्रीय संघटना उभारली होती. मतदानाचा अधिकार त्यांच्यापैकी बहुतेकांना मिळाला तो १८८४ साली. चित्रातील देखण्या घरात प्रत्यक्षात ओल असे, खोल्या कमी आणि माणसे फार असत, पाणी विहिरीवरून आणावे लागे. घर बहुधा मालकाचे असल्याने नोकरी गेली की घरही जाई.

यांपैकी जवळजवळ काहीच या चित्रांत नाही. त्यांत बहुतेकदा वसंत किंवा उन्हाळा असतो. चिखल नाही, हिवाळा क्वचितच. कामकरी पुरुष जवळपास अनुपस्थित आहे. तो शेतावर गेला आहे असे पाहणाऱ्याने समजून घ्यावयाचे. स्त्रियांचे ॲप्रन स्वच्छ आहेत. तुलनेसाठी ‘द ग्राफिक’मध्येच पुढे आलेले ह्युबर्ट फॉन हेर्कोमर यांचे १८८५ सालचे ‘हार्ड टाइम्स’ हे तैलचित्र पाहावे. त्यातही इंग्लंडचा ग्रामीण रस्ता आहे, पण कडेला अवजारांचे गाठोडे टाकून काम शोधणारा मजूर उभा आहे आणि त्याची बायको मुलांना घेऊन थकून बसली आहे. एकाच दशकातील, एकाच साप्ताहिकातून घडलेल्या दोन चित्रकारांचे हे दोन रस्ते होत.

आणखी एक मुद्दा अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. एखाद्या घराच्या खिडक्या आधीच बदललेल्या असतील, तर ॲलिंगहॅम चित्रात जुनी जाळीची तावदाने परत बसवीत. दुसऱ्या घरातील अस्सल खिडकीचा अभ्यास करून ती या घराला दिली जाई. याचा अर्थ चित्र हे घराचे जसेच्या तसे नोंदपत्र नाही. ते काही अंशी कागदावर केलेले पुनर्निर्माण आहे. जीर्णोद्धाराला विरोध करणाऱ्या चित्रकर्त्रीने कुंचल्याने जीर्णोद्धारच केला, असे कोणी म्हटल्यास त्यात तथ्य आहे. मात्र दोन्हींत एक फरक आहे: विटांच्या घराचा जीर्णोद्धार मूळ पुरावा नष्ट करतो, कागदावरचा करीत नाही. वास्तुइतिहासकारांना या चित्रांचा उपयोग होतो तो याच कारणाने, आणि तो करताना खिडक्यांबाबत विशेष सावध राहावे लागते.

समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवले आहे की, इंग्लंडमध्ये प्रत्येक पिढीला खरे, सुखी खेडे नुकतेच मागे पडले असे वाटत आले आहे. ॲलिंगहॅम यांच्या चित्रांना हे लागू पडते. परंतु त्यांच्याबाबतीत काहीतरी खरोखरच मागे पडत होते, आणि ते त्यांच्या डोळ्यांसमोर पडत होते, हेही विसरता येत नाही. चित्रे खोटी आहेत हा आरोप त्यामुळे पुरता टिकत नाही. घराविषयी ती बऱ्याच अंशी खरी आहेत. घरात राहणाऱ्यांविषयी ती गप्प आहेत.

ग्राहक आणि छापील प्रसार

१८८८ साली कुटुंब लंडनमधील हॅम्पस्टेड येथे परतले आणि १८८९ साली विल्यम यांचे निधन झाले. तीन मुलांची जबाबदारी हेलन यांच्या चित्रविक्रीवर आली. त्या केंट, बकिंगहॅमशायर, आइल ऑफ वाइट येथे जाऊन घरे व बागा रंगवीत राहिल्या. एकाच विषयाची पुनरावृत्ती हा त्यांच्यावरील नेहमीचा आक्षेप आहे; तो घेताना हा प्रपंच ध्यानात असावा. ही चित्रे विकत घेणारा वर्ग मुख्यतः शहरी व सधन होता. ज्या उद्योगधंद्यांनी व रेल्वेने खेडे बदलले, त्यांतूनच या वर्गाची संपत्ती आलेली होती, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याला न बदललेले खेडे हवे होते.

जॉन रस्किन यांनी १८८३ साली ऑक्सफर्डमधील व्याख्यानमालेत बालचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या केट ग्रीनअवे यांच्याबरोबर ॲलिंगहॅम यांचा गौरव केला. त्या व्याख्यानाच्या शीर्षकात ‘परीभूमी’ हा शब्द होता. ही स्तुतीच होती, पण तिने ॲलिंगहॅम यांना वास्तवापासून दूरच्या कप्प्यात बसवले.

१९०३ साली ए. अँड सी. ब्लॅक या प्रकाशनसंस्थेने त्यांची सुमारे ८० चित्रे असलेले ‘हॅपी इंग्लंड’ हे पुस्तक काढले. मजकूर मार्कस ह्यूश यांचा होता. ह्यूश हे त्याच फाइन आर्ट सोसायटीचे संचालक, म्हणजे या चित्रांचे विक्रेते होते, हे वाचताना लक्षात ठेवणे इष्ट. नव्या त्रिरंगी मुद्रणपद्धतीमुळे चित्रे सामान्य वाचकापर्यंत पोहोचली, मात्र त्या छपाईत रंग भडक व कडा मऊ होत. १९०९ साली ‘द कॉटेज होम्स ऑफ इंग्लंड’ हे आणखी एक पुस्तक आले. पुढे अशा प्रकारची चित्रे दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे व मिठाईच्या डब्यांवर इतकी छापली गेली की इंग्रजीत ‘चॉकलेटच्या डब्यावरचे चित्र’ हा गोडगुळचट चित्रासाठी तुच्छतादर्शक शब्दप्रयोग रूढ झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या समीक्षेने ॲलिंगहॅम यांना त्याच नावाखाली बाजूला सारले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत व्हिक्टोरियाकालीन कलेविषयी व स्त्री-चित्रकारांविषयी नव्याने आस्था निर्माण झाली, तेव्हा त्यांची चित्रे पुन्हा अभ्यासली जाऊ लागली. चित्रांतील काही घरे आजही उभी आहेत व ओळखू येतात. त्यांच्या किमती आता अशा आहेत की शेतमजुराला तेथे राहणे परवडणार नाही.

ॲलिंगहॅम यांचे निधन हेझलमिअर येथे झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह लंडनमध्ये हॅम्पस्टेडच्या बर्ग हाउस या संग्रहालयात आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही त्यांची चित्रे आहेत.